विजेवर पट्ट्या कापताना: यंत्राआधी घडी

क्विल्टसाठी, म्हणजे तुकडे जोडून शिवलेल्या पांघरुणासाठी, कापडाच्या पट्ट्या विजेवर कापायचं यंत्र घेतलं की पहिली तक्रार बहुतेक वेळा एकच येते: "पट्टी वाकडी येते." यंत्र मात्र क्वचितच वाकडं कापतं. पातं सरळ जातं; त्याच्याखाली घातलेली घडी सरळ नसते. हातात कात्री असताना एक पट्टी चुकली तर एकच चुकते. यंत्राखाली सहा थर असतील तर एका फेरीत सहाही चुकतात, आणि त्या इतक्या सारख्या चुकतात की एकावर एक ठेवून पाहिलं तरी लक्षात येत नाही. लक्षात येतं ते शिवायला बसल्यावर.

म्हणून इथे यंत्राइतकंच घडीबद्दल लिहिलं आहे. मापं इंच-सुतात आहेत. १ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. क्विल्टचं सगळं गणित अमेरिकी इंचावर चालतं. अडीच इंच रुंद पट्टी कापायची, दोन्ही कडांना पाव-पाव इंच, म्हणजे २-२ सूत माया (शिलाईच्या आत जाणारं कापड), आणि शिवल्यावर दिसते २ इंच. पट्टी अर्धा सूत कमी भरली तर एकटी पाहताना काहीच वाटत नाही. अशा २० पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, सव्वा इंच गायब झालेला असतो. सेंटिमीटरची मापं यात मिसळू नका. ६ सेंटिमीटरची पट्टी "जवळजवळ अडीच इंच" नसते. अडीच इंच म्हणजे ६३.५ मिलिमीटर, आणि साडेतीन मिलिमीटरचा फरक कुठलीही इस्त्री भरून काढत नाही.

फाडणं आणि कापणं

आपल्याकडे गोधडी-वाकळेसाठी पट्टी सहसा कापत नाहीत, फाडतात. टोकाला कात्रीने चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी टर्रकन ओढायचं. यात मोठा गुण असा की सुती कापड आपोआप धाग्यावरच फाटतं, त्यामुळे पट्टी धाग्याला तंतोतंत सरळ निघते. दोष असा की फाटताना कडेचे एक-दीड सूत धागे ताणले जातात आणि कडेला लाट येते. गोधडीला त्याने बिघडत नाही, कारण वरून सगळीकडे धावदोऱ्याचे टाके पडतात आणि सगळी लाट त्यात जिरते. पाव इंचाची माया धरून यंत्रावर शिवायच्या क्विल्टमध्ये मात्र शिलाई नेमकी त्या लाटेतच येते, आणि कोपऱ्याला कोपरा जुळत नाही.

क्विल्टवाल्यांनाही आधी कात्रीच होती. पुठ्ठ्याचा साचा कापडावर ठेवून रेघ मारायची आणि एकेक तुकडा कापायचा. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने हातातलं फिरतं पातं, म्हणजे रोटरी कटर, बाजारात आणलं आणि तुकडे कापण्याऐवजी आधी लांब पट्ट्या कापून, त्या जोडून, मग पुन्हा आडव्या कापायची पद्धत घरोघरी पोचली. कारखान्यांत विजेवरचं कापड-कटिंग त्याच्या कितीतरी आधीचं आहे. अमेरिकेतल्या बफलो शहरातल्या ईस्टमन कंपनीचं यंत्र १८८८ सालचं. आज घरगुती क्विल्टसाठी जी विजेवरची यंत्रं मिळतात, त्यांचं कूळ या दोन्हींकडे जातं.

वर्षाला एक-दोन क्विल्ट करणाऱ्यांनी यातलं काहीही घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ४५ मिलिमीटरचा हातातला रोटरी कटर, ६ इंच बाय २४ इंचाची जाड ॲक्रिलिक मोजपट्टी आणि कापताना खाली घालायची मॅट एवढ्यात सगळं होतं. यंत्राचा उपयोग महिन्याला शेकड्याने पट्ट्या लागणाऱ्यांना, बचत गटासारखं चार हातांचं काम असणाऱ्यांना, आणि मनगट किंवा अंगठा दुखत असल्याने हाताने दाब देता येत नाही त्यांना.

रोलरचं डाय-मशीन

अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहराची ॲक्युक्विल्ट ही या प्रकारातली सर्वांत ओळखीची कंपनी. हाताने दांडा फिरवायचं "गो!" आणि बटणावर चालणारं "गो! बिग" ही त्यांची यंत्रं. तत्त्व उसाच्या चरकासारखंच: दोन रोलर आणि मधून जाणारं काहीतरी.

ते "काहीतरी" म्हणजे डाय. एका पाटावर उभी बसवलेली पोलादी पाती आणि त्यांच्या मधल्या जागेत भरलेला फोम. डाय खाली, त्यावर कापडाचे थर, त्यावर प्लास्टिकची मॅट. हा सगळा ठोकळा रोलरखाली गेला की मॅट दाबली जाते, फोम दबतो, पातं कापडातून आरपार जाऊन मॅटला टेकतं. पुढे सरकला की फोम पुन्हा फुगतो आणि कापलेली पट्टी वर ढकलतो. मोटर फक्त ओढायचं काम करते; कापतो तो दाब.

यातून तीन गोष्टी आपोआप निघतात. पहिली: लांब पातं रोलरला काटकोनात जायला हवं. पट्टीची लांब धार रोलरला समांतर ठेवली तर अख्खं पातं एकाच क्षणी रोलरखाली येतं, मोटर कण्हते, आणि धागे अर्धवट राहतात. छोट्या चौकोनांच्या डायमध्ये काही पाती रोलरला समांतर येणारच, म्हणून असा डाय किंचित तिरका करून घालावा, म्हणजे पातं टोकापासून हळूहळू दाबाखाली येतं.

दुसरी: थरांची संख्या ठरलेली आहे. साध्या क्विल्टिंगच्या सुती कापडाचे, आपल्या कॅम्ब्रिक-पॉपलीनचे, ६ थर. बाटिकसारखं घट्ट विणीचं कापड असेल तर ४ वर थांबावं. फ्लॅनेल किंवा जाड खादीचे २, फार तर ३. आठ थर घालून पाहायचा मोह सगळ्यांनाच होतो; डायकडचे खालचे थर कापले जातात आणि मॅटकडचे वरचे राहतात, कारण पातं खालून वर येत असतं.

तिसरी: मॅट ही झिजणारी वस्तू आहे. दर फेरीत पात्याच्या जागी तिच्यावर चर पडतो. तीच बाजू, त्याच दिशेने पुन्हा पुन्हा वापरली की चर खोल होतो, आणि पात्याला टेकायला काही उरत नाही. दर फेरीला मॅट उलटी करायची आणि फिरवायची. एका बाजूला झुकून वाकलेली मॅटही उलटी घातली की पुन्हा सपाट होते.

एखाद्या ठिकाणी धागे तुटायचे राहत असतील तर दोष कुणाचा हे ओळखायची सोपी युक्ती आहे. मॅट फिरवून पुन्हा एक फेरी मारा. न कापलेली जागा बदलली तर दोष मॅटचा. तिथेच राहिली तर पात्याला खोच पडली आहे, किंवा पात्याशेजारच्या फोममध्ये कापसाचे तंतू गच्च बसले आहेत. तंतू टोकदार काडीने किंवा जुन्या टूथब्रशने काढता येतात. खोच पडली असेल तर डाय गेला. घरी त्याला धार लावता येत नाही. खोच पडायचं सर्वांत मोठं कारण टाचणी. थरांमध्ये विसरलेली एक टाचणी डाय, मॅट आणि कधी रोलरसुद्धा घेऊन जाते.

कापड किती सरकवायचं हेही सांगून टाकतो. ४४ इंच पन्ह्याचं कापड दुमडलं की २२ इंच होतं, ते २४ इंची डायवर बसतं. कापड डायच्या दोन्ही बाजूंच्या पात्यांपासून अर्धा-अर्धा इंच बाहेर असावं, पण डायच्या पाटाबाहेर लोंबू नये, नाहीतर रोलर ते ओढून तिरकं करतो. तीन पट्ट्यांचा डाय असेल तर दुमडलेली ३ कापडं, म्हणजे ६ थर, एका फेरीत अडीच इंचाच्या ९ पूर्ण पट्ट्या देतात.

अडचण येते ५८ इंच पन्ह्याच्या कापडाला, आणि आपल्या बाजारात ते भरपूर असतं. दुमडून २९ इंच. डायवर बसत नाही. तिहेरी घडी घातली तर बसतं, पण मग वाकायच्या दोन जागा तयार होतात. त्यापेक्षा आधी काठापासून ४४ इंचांवर चीर देऊन कापड उभं फाडावं. उरलेली १४ इंच रुंद लांबच लांब फाळ किनारीसाठी ठेवावी. उभ्या धाग्याची किनार आडव्या धाग्याच्या किनारीपेक्षा कमी ताणते, त्यामुळे क्विल्टच्या कडा लाटा मारत नाहीत. म्हणजे नुकसान काहीच नाही.

हातातला राउंड कटर

शिलाईच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या दुकानांत हा मिळतो, आणि डाय-मशीनपेक्षा सहज मिळतो. मुठीत धरायची मोटर, पुढे फिरतं गोल पातं, खाली पातळ पाय. पायाच्या टोकाशी एक छोटं स्थिर पातं असतं, बहुतेकदा कार्बाइडचं. कापड या दोन पात्यांमध्ये कात्रीसारखं कापलं जातं. वरचं पातं ६५ मिलिमीटरपासून १०० मिलिमीटरपर्यंत आणि त्याहूनही मोठं मिळतं. बऱ्याच पात्यांचा आकार गोल नसून अष्टकोनी असतो. त्याचे कोपरे कापडाला टचटच चावे घेत जातात आणि जाड थर पकडतात. दोन-चार थरांच्या पातळ सुती कापडाला पूर्ण गोल पातं जास्त स्वच्छ कापतं.

खोक्यावर लिहिलेली जाडी आणि पट्टीसाठी उपयोगी जाडी वेगळ्या. १०० मिलिमीटरच्या यंत्रावर "एक इंच जाडी" लिहिलेलं असतं. एक इंच कापतंही, पण तेवढ्या थरात अर्ध्या सुताची अचूकता मिळत नाही. क्विल्टच्या पट्टीसाठी ८ थर पुरे. गोल पातं वरच्या थरात खालच्या थरापेक्षा पुढे गेलेलं असतं, म्हणून वळणावर वरचा थर जास्त कापला जातो. सरळ पट्टीत हा दोष दिसत नाही. फक्त शेवटी पातं थांबवताना खालचे थर अर्धा-पाऊण इंच मागे राहतात. काप नेहमी कापडाच्या बाहेर पूर्ण काढायचा, मध्ये थांबायचं नाही.

या यंत्राला मार्गदर्शक पट्टी नसते, आणि नुसत्या खडूच्या रेघेवर हात सरळ चालत नाही. उपाय असा. ॲल्युमिनियमची चौकोनी नळी, ५० इंच लांब, थरांवर आडवी ठेवायची, तिच्यावर दोन्ही टोकांना आणि मध्ये वजनं. यंत्राच्या कवचाची एक बाजू नळीला टेकवून पुढे न्यायचं. कवचाची कड आणि पातं यांच्यात काही मिलिमीटर अंतर असतं. ते यंत्रागणिक वेगळं, म्हणून आधी रद्दी कापडावर एक काप घेऊन मोजायचं आणि तेवढ्या रुंदीची लाकडी चीप करून ठेवायची. दुसरी चीप बरोबर अडीच इंचाची. प्रत्येक कापानंतर नळी अडीच इंची चिपेने सरकवली की मोजपट्टी पुन्हा हातात घ्यावी लागत नाही. दर वेळी मोजलं की दर वेळी थोडं चुकतं. चीप चुकली तर निदान सगळ्या पट्ट्या सारख्याच येतात आणि एकदा तासून दुरुस्त करता येते.

पाय थरांच्या खालून जातो, त्यामुळे कापड थोडं उचललं जातं आणि सुरुवातीच्या इंचात खालचे थर मागे ढकलले जातात. म्हणून पहिला इंच वाया धरायचा. काठ तसाही कापून टाकायचा असतो. काठाकडून सुरुवात केली की हा वाया इंच तिथेच जातो. काठ विणीत दाट असतो आणि धुतल्यावर वेगळा आटतो, तो पट्टीत ठेवू नये.

धार लावायचा दगड यंत्रातच असतो, एका बटणामागे. मोटर चालू ठेवून बटण दोन-तीन सेकंद दाबायचं, सोडायचं, पुन्हा एकदा. दाबून धरून बसलं की पातं तापतं आणि उगाच झिजतं. धार लावल्यावर लगेच चांगलं कापड कापू नका. दगडाची काळी भुकटी पहिल्या दोन-तीन फुटांत पांढऱ्या कापडावर राखाडी रेघ सोडते. रद्दीवर चालवून घ्या. तेलाचंही तेच: गिअरच्या भोकात एक थेंब, मग रद्दी.

धार लावत लावत पातं लहान होतं, आणि एक दिवस नवी धार असूनही तळाचा थर कापला जाईनासा होतो. तेव्हा लोक दगड आणखी दाबतात. दोष धारेचा नसतो. पातं इतकं लहान झालेलं असतं की खालच्या कार्बाइडच्या पात्याला ते नीट भिडतच नाही. पातं बदला. नवीन पात्यालाही तळाचा थर चुकत असेल तर खालच्या पात्याची स्प्रिंग सैल आहे किंवा तिच्यात तंतू अडकले आहेत.

सुरक्षिततेबद्दल मोजकंच. कापड धरणाऱ्या हातात पोलादी जाळीचा मोजा. कापडी हातमोजा घालू नका, पातं तो आत ओढतं. हात पात्याच्या बाजूला, कधीही पुढे नाही. पदर खोचलेला, ओढणी काढलेली, केस बांधलेले. बटण सोडल्यावरही पातं काही क्षण फिरत राहतं. पातं बदलताना प्लग भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

विजेची कात्री, म्हणजे बॅटरीवरची, पट्ट्यांसाठी घेऊ नका. ती एखादा थर वेडावाकडा कापायला ठीक. नमुना काढून कापणारी संगणकी यंत्रंही पट्टीसाठी निरुपयोगी. त्यांच्या मॅटच्या लांबीपुढे पट्टी जात नाही.

कारखान्यातून पट्टी कापून घेणं

तिसरा मार्ग फारसा कुणी वापरत नाही, पण मोठ्या कामाला तोच सर्वांत स्वस्त ठरतो. तयार कपड्यांच्या कारखान्यांना पायपिंगची पट्टी लागते. ती पुरवणाऱ्यांकडे रोल कापायचं यंत्र असतं: कापड एका दांड्यावर घट्ट गुंडाळायचं आणि लाकडाच्या ओंडक्याच्या चकत्या कराव्यात तसे मोठ्या गोल पात्याने त्याचे काप घ्यायचे. निघते ती ठाणाइतकी लांब, उभ्या धाग्याची, एकही जोड नसलेली पट्टी.

काम देताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. "सरळ पट्टी, उरेब नको," कारण पायपिंगवाल्यांना उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, कापायचीच सवय असते. आणि रुंदी लिहून द्या, शक्य असेल तर बरोबर कापलेली एक पट्टी नमुना म्हणून द्या. कापड नुसतं सुती असू द्या. पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या उष्णतेने कडा वितळून एकमेकींना चिकटतात, आणि गुंडाळी उलगडताना कडेवर टोचणारी रेघ राहते. शंका असेल तर दोन धागे जाळून बघा: सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते, पॉलिएस्टरचा वितळून कडक मणी बनतो.

घडी

आता मूळ मुद्दा. कापड दुमडल्यावर दुमड पट्टीच्या काटकोनात नसेल, तर पट्टी उलगडल्यावर दुमडीच्या जागी कोन येतो; सरळ पट्टीऐवजी उघडलेल्या कंपाससारखा आकार. चौघडी घातली असेल तर अशी तीन वाकणं, नागमोडी पट्टी. काप कितीही सरळ असला तरी हे होणारच.

कापड आधी धुवा. न धुतलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि दोन कापडं दोन वेगळ्या मापांनी आटली की शिवलेली क्विल्ट चोळामोळा होते. धुण्याआधी चारही कोपरे अर्धा इंच तिरके कापा, म्हणजे टोकाचे धागे गुंता करत नाहीत. गडद लाल आणि निळी कापडं वेगळी, आणि पांढऱ्या चिंधीबरोबर भिजवून रंग सुटतो का ते पाहून. पट्ट्या कापल्यावर धुवायचं मनातही आणू नका. बादलीतून शेवया निघतील.

मग खळ. तांदळाची पातळ कांजी किंवा बाजारची स्टार्च पावडर, दोन्ही चालतात. कापड कागदासारखं कडक नको, नवीन पॉपलीनइतकं उभं राहील एवढंच. खळ जास्त झाली की पात्यावर पांढरा थर बसतो. दमट असतानाच इस्त्री करा, आणि इस्त्री घासू नका, उचलून ठेवा. आडव्या धाग्याच्या दिशेने इस्त्री ओढली की कापड ताणतं, आणि कापलेली पट्टी दुसऱ्या दिवशी आखूड झालेली सापडते.

आता धागा सरळ करणं. दुकानात कापड फाडून दिलं असेल तर तीच कड धाग्यावर आहे. कापून दिलं असेल तर एका टोकाला चीर देऊन फाडून घ्या, किंवा एक आडवा धागा ओढून त्याच्या रेघेवर कापा. मग दोन्ही काठ एकत्र धरून कापड समोर लोंबतं धरा. दुमडीपाशी तिरक्या सुरकुत्या दिसतात? एक काठ दुसऱ्यावर डावी-उजवीकडे सरकवत जा. एका ठिकाणी सुरकुत्या अचानक नाहीशा होतात आणि दुमड ओळंब्यासारखी सरळ लोंबते. तीच खरी घडी. तेव्हा वरची टोकं एकमेकांशी जुळणार नाहीत, आणि ती जुळवायची नसतात. फाटलेलं टोक कापून टाकायचं. नवशिके नेमकं उलट करतात: टोकं जुळवतात आणि सुरकुत्या इस्त्रीने दाबून टाकतात.

थर एकावर एक रचताना सगळ्या दुमडी एका बाजूला, एका रेषेत. टाचण्या नाहीत; कडेला कपड्यांचे चिमटे, वर वजनं.

पहिला काप झाला की थांबा. वरची, मधली आणि सर्वांत खालची अशा तीन पट्ट्या काढून उलगडा, टेबलाच्या सरळ कडेला लावा, आणि प्रत्येकीची रुंदी दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा. मध्ये वाकली असेल तर घडी चुकली. वरची बरोबर आणि खालची रुंद किंवा अरुंद असेल तर राउंड कटर तिरका धरला गेला. सगळ्या सारख्याच पण चुकीच्या रुंदीच्या असतील तर चीप तासा. एक टोक निमुळतं असेल तर नळी सरकली, वजन वाढवा. कडेला पिसं निघत असतील तर धार गेली, किंवा व्होल्टेज कमी आहे: संध्याकाळी गावात दाब पडला की मोटर मंदावते आणि पातं कापण्याऐवजी कापड चघळतं. अशा वेळी धार लावत बसण्यापेक्षा सकाळी कापावं.

जुन्या साड्या आणि खण

नऊवारीच्या जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या यंत्रावर चांगल्या निघतात, पण निवड आधी करावी लागते. साडी खिडकीसमोर उजेडात धरा. बसायच्या जागी आणि निऱ्यांच्या टोकांशी ती विरलेली दिसते. तो भाग पट्टीत नको, पाव इंचाच्या मायेत तो टिकत नाही. उरलेल्याला खळ थोडी जास्त. अडीचऐवजी तीन इंचाची पट्टी काढली तर मायेला दोन्ही कडांना २-२ सूत जास्त देता येतं.

मऊ, घसरत्या कापडाचे थर एकावर एक ठेवले की डायखाली ते आपापल्या दिशेने पळतात. त्यांच्या मध्ये मध्ये सुती कापडाचा थर घाला: सुती, साडी, सुती, साडी. घसरण तिथेच थांबते. खणाचा पन्हा अरुंद असतो आणि कडेचे धागे पटकन सुटतात, त्यामुळे मागे पातळ चिकट अस्तर इस्त्रीने लावून मगच कापायचा, आणि तोही दोन थरांतच.

किती कापड लागेल

६० इंच बाय ९० इंचाची एकेरी पांघरायची क्विल्ट, नुसत्या आडव्या पट्ट्यांची. शिवल्यावर पट्टी २ इंचाची, म्हणजे ९० इंचांना ४५ ओळी, प्रत्येक ६० इंच लांब: एकूण २,७०० इंच. ४४ च्या पन्ह्यातून काठ जाऊन ४२ इंच हाती येतात. पट्ट्या टोकाला टोक तिरक्या जोडल्या तर प्रत्येक जोडाला अडीच इंच जातात, उरतात साडेएकोणचाळीस. २,७०० भागिले ३९.५, म्हणजे ६९ पट्ट्या. ६९ गुणिले अडीच म्हणजे साडेबहात्तर आणि शंभर, १७२.५ इंच, साधारण ४ मीटर ३८ सेंटिमीटर. टोकं सरळ करण्यात आणि आटण्यात जाईल ते धरून ५ मीटर घ्या. रंग सहा-सात असतील तर प्रत्येकाचं टोक वेगळं सरळ करावं लागतं, तेव्हा प्रत्येक रंगामागे आणखी १० सेंटिमीटर. कडेच्या गोटाला परिघ ३०० इंच आणि कोपऱ्यांसाठी १० ते १२ इंच: अडीच इंची ८ पट्ट्या, तिरक्या जोडून. तयार मिळणाऱ्या ४० पट्ट्यांच्या गुंडाळीत एवढी क्विल्ट बसत नाही, हे विकत घेण्याआधी लक्षात असू द्या.

अमेरिकेहून आणलेलं यंत्र

मुलगा किंवा बहीण तिकडून यंत्र आणते, आणि प्लगला ॲडॉप्टर लावून ते थेट आपल्या भिंतीत जातं. पिनांचा ॲडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही. यंत्राच्या मागच्या चकतीवर किंवा चार्जरवर "१०० ते २४० व्होल्ट" असं असेल तर काळजी नाही. नुसतं "१२० व्होल्ट" असेल तर आपल्या २३० व्होल्टवर मोटर जळते. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याची क्षमता चकतीवरच्या वॅटच्या निदान दीडपट, शक्यतो दुप्पट हवी, कारण सुरू होताना आणि जाड थरावर मोटर नेहमीपेक्षा जास्त वीज खेचते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पण तिकडची ६० हर्ट्झ वारंवारता आपल्याकडे ५० च राहते. कार्बन ब्रशच्या मोटरला त्याने फरक पडत नाही. इंडक्शन मोटर मात्र सहाव्या हिश्श्याने हळू फिरते आणि जास्त तापते. तिला दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडा आराम द्या.

कापलेल्या पट्ट्या ढिगात टाकू नका. रंगवार जुड्या करून हँगरवर घडी पाडून टांगा, किंवा सैल गुंडाळी करा. रबरबँडऐवजी त्याच कापडाची चिंधी बांधा. आपल्या हवेत रबर चिघळतं आणि पट्टीवर पिवळा डाग सोडतं.